आवराआवर

आठ दिवस झाले, बाबांना घरात काहीच सापडत नव्हतं. आधी किल्ली, मग चष्मा, काल बीपीच्या गोळ्या. प्लांटच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं डोळे मिटून नट-बोल्ट काढून देणारा माणूस! समृद्धीनं धास्तावून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. निघायला तास होता, म्हणून ती स्वतः बनवत असलेल्या कॉम्प्युटर गेमच्या कामाला बसली.

गेममधली झाडांची सगळी चित्रं शोधून आणणारी तिची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, आज म्हणाली, 'शून्य सापडली.' तिनं ती पुन्हा चालवली, पुन्हा शून्य. मग आठवलं, कालच आपण फोल्डर आवरले. चित्रं नव्या फोल्डरमध्ये सुखरूप होती. स्क्रिप्ट बिचारी जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हातानं परत येत होती.

तिनं पत्ता बदलला. तीनशे बारा झाडं हजर!

"बेटा, निघाचं ना?" बाबा दारात उभे होते. "माया चपला कुठं दिसून नाही राहिल्या."

समृद्धीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मागच्या रविवारी कपाटं, खण, चपलांची जागा, सगळं बदलून तिनंच हौसेनं लावलेल्या घराकडे.

"डॉक्टरले फोन करून नाही येत म्हणून सांगते," ती हसत उठली. "चला बाबा, तुमाले आपलं घर दाखवते."