मोठ्या बाईंचा आवाज

“आज सोक्षमोक्ष लावूनच बाहेर येते,” मोठ्या बाई म्हणाल्या, बाह्या सरसावून साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि आतून कडी लावून घेतली.

शिवणाच्या मशिनी एकेक करून थांबल्या. बायका केबिनच्या दाराशी गोळा झाल्या. काजवाली सगळ्यांत पुढे होती. दिवसभर शर्टांना काजं करायची, म्हणून काजवाली. तिची धाकटी जाऊ पार मागच्या ओळीत बसायची, पोटुशी, आता दिवस भरत आलेले. त्या ओळीमागे एक दार होतं आणि कामाच्या वेळात त्याला साखळी-कुलूप असायचं. बायका शर्ट पळवतील म्हणून.

परवा इस्त्रीच्या टेबलाखाली वायर जळाली. धूर कोंडला. सगळ्याजणी पुढच्या अरुंद जिन्यावर चेंगरल्या आणि धाकटी मागेच राहिली, साखळी ओढत. कापडानं पेट घेतला नाही एवढंच नशीब. त्याच संध्याकाळी काजवालीनं ठरवलं, साखळी निघेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. कोणीच लावायचा नाही. बायका तयारही झाल्या होत्या.

तेव्हा मोठ्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “अगं, काम बंद केलं की पहिली तूच घरी बसशील. मग जावेचं बाळंतपण कोण निभावणार? मी आहे ना. माझ्यावर सोड.”

मोठ्या बाई त्यांच्यातूनच वर गेलेल्या. आधी कॉलर शिवायच्या, आता सगळ्या मजल्यावर देखरेख करायच्या. पाणी गढूळ येवो की पंखे बंद पडोत, केबिनमध्ये जाऊन भांडायच्या त्याच. साहेबांचा आवाज कधी ऐकू यायचा नाही. “बाईंपुढे तोंड उघडायची टाप आहे का त्यांची,” इस्त्रीवाली मावशी म्हणायची. बाई बाहेर यायच्या तेव्हा घसा बसलेला, डोळे लाल. “बघतो म्हणाले,” एवढंच सांगायच्या. पंखे अजून बंदच होते. पण बायकांचं मन हलकं व्हायचं आणि त्या दिवशी मशिनी अशा धावायच्या की विचारू नका.

आज तर बाईंनी कमाल केली होती.

“माणसं आहेत ती, साहेब. उद्या जळून मेल्या तर त्यांच्या पोरांना काय सांगाल? कापड वाचवलं म्हणून?”

मावशीनं डोळे टिपले. “माझा नवरा जन्मात कधी एवढं माझ्या बाजूनं बोलला नाही गं.”

“त्याला बोलायला सवड कधी दिलीस तू,” कोणीतरी म्हणालं. रडता रडता बायका हसल्या.

धाकटी पोट सावरत पुढे आली. “जाऊबाई, निघेल का हो साखळी?”

“निघणार. ऐकते आहेस ना.”

आत बाईंना ठसका लागला. खोकल्याची उबळ थांबेना. काजवालीला राहवेना. आपल्यासाठी एकटी बाई घसा फोडते आहे आणि आपण दाराबाहेर प्रेक्षकांसारख्या उभ्या. तिनं पेल्यात पाणी घेतलं. पुढच्या दाराला कडी होती, पण कापडाच्या कोठीतून केबिनला आणखी एक दार होतं. बाईंना पाणी द्यायचं, त्यांच्या शेजारी उभं राहायचं आणि आपणही चार शब्द बोलायचे. साहेबांसमोर ती आजवर कधी ब्र काढू शकली नव्हती. ताग्यांमधून अंग चोरत जाताना ती पुटपुटत होती, ‘साहेब, माझी जाऊ मागे बसते. साहेब, माझी जाऊ...’ पण पाय मागे फिरले नाहीत.

तिनं दार हळूच ढकललं.

मोठ्या बाई साहेबांकडे पाठ करून, पुढच्या दाराच्या फटीला तोंड लावून उभ्या होत्या. साहेब निवांत डबा खात होते. घास गिळून त्यांनी मान वर न करता हात हलवला.

“ते जळून मरायचं पुन्हा एकदा घ्या, बाई,” ते म्हणाले, “आणि या वेळी जरा रडा. बाहेर मशिनी अजून सुरू झाल्या नाहीत.”