बॉनेटवरचं पाणी

“हात लावायच्या आधी विचार. गाडीवरचं काय पुसायचं नाही, ते मालकाला आधी विचार.”

एर्नानमामाचे हे शब्द मार्लेनीला आठवले, तेव्हा फडकं एलादिओकाकांच्या टॅक्सीच्या बॉनेटवरून फिरून झालं होतं. मामा जन्मभर नदीकाठी गाड्या धूत आला. तिला सगळं त्यानेच शिकवलं. दारोदार जाऊन गाड्या धुण्याच्या धंद्याचा तिचा आज पहिला दिवस. तीनचाकीवर पाण्याची टाकी, पंप, ब्रश, सगळं जागच्या जागी होतं. फक्त विचारायचं राहिलं.

शेजारच्या ओट्यावर फाबिओ कॉफी पीत बसला होता. तोही टॅक्सीवालाच. तो कप घेऊनच जवळ आला आणि त्याने छातीवर क्रुसाची खूण केली.

“अगं बाई, पुसलंस? ते डाग नव्हते!”

“मग काय होतं?”

“कार्मेनमातेचं पाणी.”

कार्मेनमाता म्हणजे ड्रायव्हरांची रक्षणकर्ती. दर जुलैत तिच्या सणाला तुलुआ गावातल्या टॅक्स्या सजतात आणि फादर त्यांच्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. बाकीच्यांच्या गाडीवरून ते पहिल्याच धुण्यात जातं. एलादिओकाकांनी मात्र एका सालचं पाणी जपलं होतं. त्या साली त्यांचा मुलगा मरणाच्या दारातून परत आला. काकांनी नवस केला, जोवर तुझं पाणी या बॉनेटवर आहे, तोवर जो आजारी हाक मारेल त्याला मी स्वतः दवाखान्यात नेईन, एक पैसा न घेता. तेव्हापासून ते खरखरीत पांढरे ठिपके तिथेच होते. गाडीत बसण्याआधी काका त्यांवरून बोटं फिरवायचे आणि ती ओठांना लावायचे.

“गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे,” फाबिओ म्हणाला. “तुलाच कसं नाही?”

“मी गावातली नाही ना.”

मार्लेनीच्या हातातलं फडकं थंड झालं होतं. व्हिनेगर लावून, पेस्टने घासून तिने ते ठिपके मोठ्या कौतुकाने काढले होते. बॉनेटमध्ये आता आभाळ दिसत होतं. स्टँडवर काकांचा शब्द चालतो. सण रविवारवर आलेला, सगळ्या टॅक्स्या धुवायला निघणार. ‘मातेचा आशीर्वाद खरवडणारी बाई’ असं एकदा नाव पडलं, की कुणी तिला गाडीच्या आसपास फिरकू देणार नव्हतं. आणि हॉटेलातली चादरी धुण्याची नोकरी ती सोडून बसली होती.

फाबिओने आवाज खाली आणला. “काका आत झोपलेत. टाकीतलं पाणी शिंपड आणि उन्हात वाळू दे. तस्सेच ठिपके उठतात. पाण्यावर मातेची सही थोडीच असते!”

ते खरं होतं. पाण्याचे डाग कसे धरतात, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मार्लेनीने टाकीत बोटं बुडवली आणि बॉनेटवर झटकली. ऊन कडक होतं. थेंब आटू लागले, त्यांच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या. ती बघत राहिली. मग तिने डोळे मिटून ओठांतल्या ओठांत मातेचं नाव घेतलं, आणि कोरडं फडकं घेऊन एकेक थेंब टिपून टाकला.

“वेडी आहेस,” फाबिओ म्हणाला.

दार वाजलं. एलादिओकाका भिंतीला हात लावत बाहेर आले.

“झालं का गं पोरी?”

ते थेट बॉनेटपाशी गेले. त्यांची बोटं काचेवरून बॉनेटवर सरकली, थांबली, मागे आली, पुन्हा शोधू लागली.

“काका, मी पुसलं,” मार्लेनी म्हणाली. “मला ठाऊक नव्हतं. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आता हे कसं भरून देऊ, ते तुम्हीच सांगा.”

“सगळं गेलं?”

“सगळं.”

“एखादा थेंबसुद्धा नाही?”

“नाही, काका.”

काकांनी तळहात बॉनेटवर सपाट टेकला. रडत होते की प्रार्थना म्हणत होते, कळत नव्हतं.

“इथल्या धुणाऱ्यांपैकी एकानेही याला हात लावला नसता,” ते शेवटी म्हणाले. “म्हणून तुला बोलावलं.”

फाबिओचा कप तोंडापाशीच थांबला.

“नवस मी केला होता. माझ्याच हाताने कसा पुसू? मातेला फसवलं असेल, तर तिच्याशी मी बोलेन.”

“पण का, काका?” मार्लेनीने विचारलं.

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. “गाडी येते ना तुला? कार्लोटाबाई दवाखान्यात जायला थांबलीय. तिला सकाळी हो म्हटलं होतं, तेव्हा हे पाणी बॉनेटवर होतं. तेवढा शब्द पाळायला हवा. भरून देते म्हणालीस ना?”

“येते, काका.” तिने हात पुसले आणि किल्ली घेतली.

“परत आलीस की माझी घे,” फाबिओ म्हणाला. “माझ्या टपावर फक्त कबुतरांचा आशीर्वाद आहे. तो बिनधास्त काढ.” पण हसला नाही तोही.

स्वतःच्या टॅक्सीत काका पहिल्यांदाच पलीकडच्या बाजूला बसले. मार्लेनीने सीट पुढे ओढली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि गाडी हळूच गल्लीबाहेर काढली. चर्चच्या चौकात तिने ब्रेक दाबला.

“का थांबलीस?” काकांनी समोर बघतच विचारलं.

समोर, काचेपलीकडे, सिग्नलचा लाल दिवा लख्ख पेटलेला होता.