कपाटाशेजारचा डाग

पडद्यावर डाग पुन्हा उमटला. बैठकीच्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या कोपऱ्यात, हातभर रुंद. संशोधकाने खुर्ची पुढे ओढली. आज सलग दहावा दिवस. त्या कोपऱ्यात काहीही नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकत होता. ते घर त्याने स्वतः टेप लावून मोजलं होतं. घर आत्याचं होतं आणि तो लहानाचा मोठा तिथेच झाला होता.

तिथे फिरत होतं ते त्याचं मशीन. परातीएवढं, चार चाकांचं, घोट्याच्या उंचीवर गरगर फिरणारा लेसरचा डोळा. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर लक्ष ठेवायचं, कुणी पडलं तर शेजाऱ्यांना कळवायचं, यासाठी ते बनवलं होतं. पण त्याआधी माणूस कुठला आणि सामान कुठलं हे त्याला कळायला हवं. नियम साधा होता. जे हलतं ते माणूस. जे अर्धा तास जागचं हललं नाही ते सामान, आणि सामान नकाशात जातं. या एका नियमावर त्याने पाच वर्षं घालवली होती. आता चौदा दिवसांचे चौदा स्वच्छ नकाशे सोमवारी समितीपुढे ठेवायचे, की डॉक्टरेट हातात. नाहीतर आणखी एक वर्ष विद्यापीठातल्या याच खोलीत.

खोलीत चार टेबलं होती. बाकीचे तिघं केव्हाच मार्गी लागले होते. त्यातल्या एकाचा चहाचा मग अजून तसाच पडून होता. परवापासून संशोधक कुणाशी तोंड उघडून बोललाच नव्हता. एकटेपणा त्याला आतून खात होता, आणि तो त्याला कामाचा ताण म्हणत होता.

सुरुवातीला माशी भलतीकडेच शिंकली होती. आत्याच्या पायाला भिंगरी. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पण काम नसताना एका जागी दहा मिनिटं बसेल तर शपथ. पहिले दोन दिवस ती मशीनच्या मागे मागे हिंडली. त्याला ‘जावईबापू’ म्हणायची, त्याच्या वाटेतल्या खुर्च्या सरकवायची, सोफ्याखाली अडकलं की ओढून काढायची. नकाशाचा पार चिखल झाला. शेवटी त्याने फोनवर सुनावलं, “आत्या, ते चालू असताना मध्ये मध्ये येऊ नकोस गं. माझं सगळं पणाला लागलंय.”

“बरं बाबा प्रोफेसर, नाही येत,” ती म्हणाली होती.

त्याने मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली. तेव्हापासून नकाशे लख्ख यायला लागले. फक्त हा डाग तेवढा जाईना. त्याने लेसरची जुळणी तपासली, आकडेमोड पहिल्यापासून केली, रात्रीची झोप घालवली. शेवटी हात टेकले. त्याच्या मार्गदर्शक बाई सकाळीच डोकावून म्हणाल्या होत्या, “आरशाबिरशाची चमक असेल. पुसून टाक आणि मोकळा हो.”

पुसायला एक बटण पुरे होतं. त्याचं बोट तिथवर गेलंही. पण इतकी वर्षं राबून शेवटी खोटा नकाशा दाखवायचा, हे त्याच्या जिवावर आलं. साडेअकरा वाजले होते. तिकडे मशीन फिरत होतं. एरवी तो रविवारी संध्याकाळी पाच मिनिटं फोन करायचा. आज त्याने लगेच लावला.

“हं,” आत्या कुजबुजली.

“इतकी हळू का बोलतेयस? बरं, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन बघ जरा. काय आहे तिथे?”

“काही नाही रे. मीच बसलेय.”

“तिथे? कधीपासून?”

“दहापासून. एक वाजता ते थांबलं की उठते. रोजचंच आहे. स्टूल टाकते आणि पाय गच्च जमिनीला. तहान लागली तरी हलत नाही.” तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. “जावईबापूंना पत्तासुद्धा लागत नाही घरात कुणी आहे म्हणून!”

तो पडद्याकडे बघत राहिला. मशीन डागापाशी आलं. क्षणभर थांबलं. मग शिस्तीत वळसा घालून पुढे निघून गेलं. पडलेलं माणूसही हलत नसतं. त्यालाही हे असाच वळसा घालून गेलं असतं. नियम त्याचा, मशीन त्याचं, घरही तो वाढला तेच, आणि हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

“अरे बोल ना.” आत्याचा आवाज आणखी खाली गेला. “माझाच डाग पडतोय का तिथे? मग असं करते, उद्यापासून मी बाहेर जिन्यात जाऊन बसते. किती दिवस राहिलेत अजून?”

“एकही नाही, आत्या,” तो म्हणाला. “ऊठ तू.”