डावा कान

मशीन पुन्हा तिरकं कापायला लागलं होतं.

बन्सीने ब्रेक दाबून मागे वळून पाहिलं. उजवीकडे गवत तसंच उभं, डावीकडे पार माती निघालेली. न्हाव्याने अर्ध्या हजामतीतून गिऱ्हाइकाला उठवावं, तशी कारखान्याच्या विश्रामगृहापुढची हिरवळ दिसत होती. सकाळी नारळ फोडून, उदबत्ती लावून केलेली सुरुवात, आणि हे त्याचं फळ.

मशीन साधंसुधं नव्हतं. वर खुर्चीत बसायचं, स्टेअरिंग धरायचं, की पोटाखालची पाती गरगर फिरून गवत कापायची. साखर कारखान्याच्या संचालकांनी परदेशात पाहिलं आणि हौसेने मागवलं. दौंड तालुक्यात तेव्हा तसलं दुसरं नव्हतं. ते चालवायला बन्सीला बसवलं, तेव्हापासून यवतच्या बाजारात लोक त्याला ‘डायवर’ म्हणू लागले होते. पण डायवर अजून रोजंदारीवरच होता.

"रविवारी पाहुणे येणार," मॅनेजर बापूसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. "हिरवळ सारखी दिसली तर तुला कायम करतो. नाहीतर हे धूड गोदामात टाकू आणि बायकांना विळे घेऊन परत बोलावू."

कायम झाल्याशिवाय निमोणे गावचा सासरा लेकीला नांदायला धाडणार नव्हता. बन्सीचा सगळा संसार त्या पात्यांना टांगला होता म्हणा ना.

शिरूरहून चांगदेव फिटर पुन्हा आला. चाकांतली हवा पाहिली, सारखी होती. पाती काढून फरशीवर ठेवली, सरळ होती. मग म्हातारा मशीनखाली उताणा शिरला आणि एकेक भाग चाचपू लागला.

"डावा कान," बाहेर येत तो म्हणाला. पात्यांवरचं पत्र्याचं झाकण पात्यांसकट पुढे दोन लोखंडी कानांवर टांगलेलं होतं. त्याने त्यातल्या एकावर बोट ठेवलं. "ह्यो वाकला की झाकण कलतं, आन् त्या अंगाचं पातं भुईत घुसतं. मागल्या खेपेलाबी ह्योच वाकला व्हता. दगडाला घातलंस का?"

"न्हाई मामा. आईची आन."

"मग कुणीतरी हाणतंय बघ."

दोघांची नजर एकदमच लिंबाखाली गेली. तिथे तानुबाई बसली होती.

मशीन येण्याआधी ही हिरवळ तानुबाईची टोळी कापायची. मजुरी मिळायची आणि संध्याकाळी गवताचा एकेक भारा डोक्यावर घरी जायचा. मशीनने कापलेल्या गवताचा भुगा व्हायचा, त्याला पेट्रोलचा वास, म्हशी तोंड लावीनात. टोळीतल्या दोघींनी म्हशी विकल्या. तानुबाईची अजून होती, पण बरगड्या दिसायला लागल्या होत्या. तरी म्हातारी बन्सीला कधी वाकडा शब्द बोलली नव्हती. पोरवयात त्याच्या हाती पहिला विळा तिनेच दिला होता.

बन्सी जड पावलांनी तिच्यापाशी गेला.

"आत्या, तुमी शेडकडं गेला व्हता का कवा?"

"मी कशाला जाऊ? शेडला कुलूप, आन् किल्ली तुज्या कमरेला."

हे खरंच होतं. बन्सी आल्या पावली मागे फिरला.

चांगदेवने कान सरळ करून आतून लोखंडी पट्टी जोडली. मग लिंबाकडे तोंड करून मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "आता एका दणक्यानं काय व्हायचं न्हाई. ज्याला कळायचं त्याला कळू द्या."

"लई ब्येस केलं," तानुबाई म्हणाली. तिने चांगदेवला पानाचा विडा दिला आणि शिरूरची एस.टी. चुकेल म्हणून आठवणही करून दिली.

शनिवारची रात्र बन्सीने शेडमध्येच काढली. कुणी फिरकलं नाही. उजाडल्या उजाडल्या त्याने वाकून कान चाचपला. खणखणीत सरळ होता. त्याला हायसं वाटलं आणि लगेच मनाची लाजही वाटली. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आपण. बिचारी उपाशी म्हशीपाशी बसलेली, आणि आपण तिच्याच मागे लागलो.

मशीन त्याने बाहेर ढकलत आणलं तर तानुबाई समोर उभी. नवं लुगडं नेसलेली, हातात कुंकवाची डबी.

"आत्या," बन्सी म्हणाला, "माजं चुकलं. मी तुमच्यावर संशय घेतला."

"ऱ्हाऊ दे रं लेकरा." तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "पाव्हणं किती वाजता येत्यात?"

"येतीलच आता. एकदा कापून घेतो, मंग झालं."

"आदी पूजा."

ते तर बन्सीलाही मान्य होतं. दुरुस्तीहून उठलेलं यंत्र नारळ फोडल्याशिवाय सुरू करायचं नाही, ही त्या भागातल्या ट्रॅक्टरवाल्यांची रीत. आणि नारळ लोखंडावरच फोडायचा, म्हणजे यंत्राला पावतो, हे त्याला तानुबाईनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याने उदबत्ती लावली, हात जोडले, डोळे मिटून निमोण्याची आठवण काढली.

तानुबाई वाकली. दर खेपेसारखंच तिने डाव्या कानाला कुंकू लावलं, पदराखालून नारळ काढून बन्सीच्या हातात दिला. मग पदर चाचपून आणखी एक काढला.

"हितं फोड," ती मायेने म्हणाली, "आन् ह्या खेपेला दोन फोड."