रिटच

गफारनं ढोकीच्या आपल्या स्टुडिओत सारी उमर स्थळाचे फोटो काढले. सावळी पोर ब्रशानं रिटच करून गोरी करणं हा त्याच्या हातचा मळ. आपल्या नव्या नवरीला, सावळ्या हसीनाबीलाही त्यानं तसंच गोरं करून शोकेसमध्ये लावलं. तिनं तो फोटो उतरवला आणि पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर बसली नाही.

आज नात मेहनाजनं फॅशनच्या मासिकातले तुकडे चिकटवून एक बाई केली होती. गोरा चेहरा, काळेभोर केस, झगमगीत झगा. गफारनं जुन्या अंधारखोलीत ते चित्र फोटोच्या कागदावर पालथं ठेवलं, वर काच दाबली, क्षणभर दिवा लावला, मग कागद औषधात बुडवला. चित्र उमटलं तसं दुसऱ्या औषधात पक्कं करून तो बाहेर उजेडात घेऊन आला.

"दादा, सगळं उलटं आलं," मेहनाज हिरमुसली. "चेहरा काळा, केस पांढरे."

गफारचा हात सवयीनं ब्रशाकडं गेला. हसीनाबीनं ओला कागद त्याच्यापुढून उचलला आणि आपल्या पांढऱ्या केसांवर पदर नीट घेतला.

"ऱ्हाऊ द्या. आता कुठं माझा फोटो बरोबर आलाय. लावा शोकेसमध्ये."