जवसाचा घास

“अक्षया, तू बोलव ना त्यांना. तुझी आवाज ओळखतात ते,” उदय म्हणाला.

उदय त्या मगरींच्या फार्मचा मॅनेजर. जन्म ब्रिस्टलचा, मराठी आजीकडून उचललेलं, मोडकंतोडकं. त्याच्यामागे बंदूकवाला गोरा उभा होता. अनोळखी बूट पाहून चोवीसही मगरी कुंडाच्या तळाशी जाऊन बसल्या होत्या. जाळी टाकून ओढायच्या, तर धडपडीत मांस बिघडणार. मग अक्षयाने सहा महिने केलं ते सगळं पाण्यात.

काम तिचंच होतं. मगरीच्या मांसात हृदयाला चांगली असणारी चरबी वाढवायची, आणि तीही खाद्यातून. अक्षया नागपूरची, जवसाच्या चटणीवर वाढलेली. तिने कोंबडीच्या खिम्यात जवसाचं तेल घातलं. कागदावर झकास दिसलं. मगरींनी मात्र वास घेतला आणि तोंड फिरवलं. आठवडाभर एकीनेही खाल्लं नाही. तिचं वर्क परमिट या प्रयोगावर टांगलेलं, त्यामुळे झोप उडाली ती अक्षयाची.

शेवटी वैतागून एका सकाळी तिने लांब चिमट्यात खिमा धरला आणि घरी लेकीला भरवताना म्हणायची तेच म्हणाली, “हा घास काऊचा, हा घास चिऊचा.” स्वतःचंच हसू आलं तिला. पण सगळ्यात लहान, सात नंबरची, पुढे आली आणि तिने घास गिळला. मग बाकीच्याही आल्या. पुढे तर दारातून ‘काऊचा’ म्हणायचा अवकाश, चोवीस तोंडं काठाला लागायची. शाकाहारी बाई मगरींची आई झाली, म्हणून उदय चिडवायचा. तिला ते मनापासून आवडायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

“बोलवतेस ना?” उदयने पुन्हा विचारलं. “नाहीतर जाळी.”

अक्षयाला नाही म्हणता आलं असतं. ती काठावर गेली.

“हा घास काऊचा...”

पाणी हललं. सात नंबरची सगळ्यांत आधी वर आली. तिच्या पायाशी येऊन थांबली आणि तिने आ वासला. अक्षयाच्या हातात चिमटा नव्हता.

गोळी सुटली की उरलेल्या पुन्हा तळाशी जायच्या. ती चोवीस वेळा तेच म्हणाली. मांस उत्तम निघालं. तिला सगळे शाबासकी देत होते आणि ती हात धूत होती.

संध्याकाळी चार वर्षांची अन्वी पाटावर येऊन बसली. समोर वरणभाताची वाटी. तिने नेहमीसारखं तोंड उघडलं आणि वाट बघत राहिली. अक्षयाचा घास हातातच राहिला. ‘काऊचा’ काही केल्या म्हणवेना.

“अन्वी, एक लक्षात ठेव,” ती कशीबशी म्हणाली. “कुणी गोड बोलून, खाऊ दाखवून बोलावलं, तर जायचं नाही. कध्धी नाही.”

अन्वीने तोंड मिटलं.

“तू बोलावलं तरी?”