दुसरा इअरमफ

"आणि दोन्ही एकदम घातले तर?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

शस्त्रागाराच्या खिडकीमागे बसलेल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवला. गोळीबाराच्या वार्षिक परीक्षेला पोलीस शिपाई काय काय कुरकुर करतात, हे त्यांना पाठ होतं. चाप घट्ट आहे, नेम डावीकडे जातोय, पिस्तूल जड लागतंय. कानांची इतकी चौकशी कुणी करत नसे. आणि ही पोरगी तर दरवर्षी पहिली येणारी, कान झाकायचा मिळेल तो मफ डोक्यावर अडकवून चालू पडणारी.

"घाल की. आधी कानात प्लग, त्यावर मफ," काका म्हणाले. "पण दुप्पट फायदा होईल असं समजू नकोस. थोडाच वाढतो. कान कितीही बुजवले तरी उरलेला आवाज हाडांतून आत शिरतो. सगळं अंगच ऐकत असतं, पोरी."



तिला सहावा महिना नुकताच लागला होता. नवरा आणि डॉक्टरीणबाई सोडले तर कुणालाही पत्ता नव्हता. सासूबाईंनासुद्धा नाही, कारण सासूबाईंना सांगणं आणि गावभर दवंडी पिटणं यात फारसा फरक नव्हता. थंडीचे दिवस होते म्हणून बरं, ढगळ जाकिटाखाली सगळं खपून जात होतं. चौकीत कळलं असतं तर तिला त्याच दिवशी टेबलाशी बसवलं असतं. आज दहा गोळ्या नीट झाडल्या की बढतीच्या यादीत नाव. नाही झाडल्या तर थेट तीन वर्षांनी. दहाच तर गोळ्या, असं ती आठवडाभर स्वतःला बजावत होती. पण डॉक्टरीणबाई बोलून गेल्या होत्या, "मोठ्या आवाजापासून लांब राहा हं. बाळाला आता ऐकू यायला लागतं." ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नव्हतं.

तिने प्लग उचलून कानात कोंबला.

"अगं, तसा नाही! बोटांत वळून बारीक कर. दुसऱ्या हाताने कान वर ओढ, मग घाल, आणि फुगेपर्यंत दाबून धर. कानातले काढ आधी. अंबाडा खाली घे. मफच्या कडेखाली चार केस आले तरी आवाजाला वाट मिळते." काकांनी स्वतःच्या डाव्या कानावर टिचकी मारली. "आम्ही काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या खुपसायचो. म्हणून हा असा. ह्या बाजूने वीस वर्षांत बायकोचं एक बोलणं आत गेलेलं नाही."

"काका, अजून एक मफ द्या ना."

"अजून एक? तुला काय दोन डोकी आहेत?" काका स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

ती हसली नाही. तिचा चेहरा खर्रकन उतरला, तसं काकांचं हसूही अर्ध्यावर राहिलं. त्यांची नजर उघड्या जाकिटातून तिच्या पट्ट्यावर गेली. चामड्यावर बकलाचा जुना वळ स्पष्ट दिसत होता. बकल आता तीन भोकं सैल, पट्ट्याच्या टोकाकडे होतं.

काकांनी फळीवरचा सगळ्यात जाड मफ काढून खिडकीतून सरकवला.

"बाहेरून बांधून फार उपयोग होत नाही," ते हळूच म्हणाले. "आणि एक ध्यानात ठेव. रेंजवर कान सगळ्यांचेच बंद असतात, तिथे हाक कामाची नाही. हात वर केला की आधी गोळीबार थांबतो. कारण नंतर विचारतात."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. जरा तोऱ्यातच.

स्वच्छतागृहात जाऊन तिने तो मफ गळपट्ट्याने पोटावर बांधला आणि वर जाकीट ओढलं. आरशात पाहिलं तर तिला स्वतःचंच हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले.

रेंज म्हणजे सहा जणांपुरतं बंद दालन. ती पाचव्या जागेवर उभी राहिली. प्लग आणि वर मफ घातल्यावर तिला फक्त आपला श्वास ऐकू येत होता. हिरवा दिवा लागला. तिने नेम धरला आणि पहिली गोळी झाडली. लांबच्या खोलीत कुणी दार लावावं, एवढाच आवाज आला. गोळी बरोबर मधोमध लागली होती.

आणि पोटात बाळ उसळलं.

गेले पंधरा दिवस ते हलत होतं, पण आळसावल्यासारखं. हे तसं नव्हतं. हे दचकणं होतं. योगायोग असेल, तिने स्वतःला समजावलं, आणि पिस्तूल खाली धरून थांबली. शेजारच्याने गोळी झाडली. बाळ पुन्हा दचकलं. पलीकडच्याने झाडली. पुन्हा.

नऊ गोळ्या बाकी होत्या. तिने पिस्तूल उचललं, नेम धरला, चापावर बोट ठेवलं. बोट दाबलं जाईना.

तिने पिस्तूल नळी पुढे करून समोरच्या फळीवर ठेवलं आणि डावा हात वर केला.

लाल दिवा लागला. परीक्षा घेणारे साहेब लगबगीने आले. तिने उजव्या हाताने मफ उतरवला, प्लग उपसले.

"अडकलं का पिस्तूल?"

"नाही, साहेब."

"मग? आवाजाचा त्रास होतोय? अगं, दोन-दोन घालून उभी आहेस की!"

पाचही जण वळून बघत होते. वर केलेला हात खाली घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं. दुसरा हात जाकिटावर गेला.

"मला काहीच ऐकू येत नाहीये, साहेब," ती म्हणाली. "बाळाला येतंय."